वरीलप्रमाणे

मी मोडी वाचते. तालुक्याच्या गावी माझं डीटीपीचं दुकान आहे, लग्नपत्रिका, शपथपत्रं, श्रद्धांजलीचे बॅनर असली कामं, आणि मोडी हा सुरुवातीला नुसता नाद होता. पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळात वर्ग केला, मग पुराभिलेखवाल्यांची परीक्षा दिली, आणि वर्षाला पाच-सहा गिऱ्हाइकं यायची, कोणाचं वाड्याचं खरेदीखत, कोणाला कुलवृत्तांत छापायचा म्हणून घरातला जुना कागद वाचून हवा. २०२३च्या सप्टेंबरात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आधी मराठवाड्यापुरती आणि नंतर राज्यभर, आणि दिवाळीपर्यंत माझा फोन गरम राहायला लागला. मराठा घरांतल्या पणजोबांची कुणबी नोंद हवी, ती सापडली की ओबीसीतला कुणबी दाखला मागता येतो. १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीची हवी, आणि जितकी जुनी तितकी भक्कम. आणि जुनी म्हणजे बहुतेक वेळा मोडी.

तहसील ऑफिसात मग आम्हा तिघाचौघांना बसवलं. मानधनाचं बिल अजून कुठल्या टेबलावर आहे ते विचारू नका.

आधी एक सांगते, बाहेरच्यांना वाटतं मोडी म्हणजे वेगळी मुळाक्षरं पाठ केली की झालं. तसं नसतं. लिहिणारा आधी पानभर शिरोरेषा आखून घ्यायचा आणि मग तिला अक्षरं टांगत जायचा, हात न उचलता. शब्द कुठं संपला ते कळायची सोय नाही, पूर्णविराम नाही, ऱ्हस्वदीर्घ एकच, अनुस्वार दिला तर दिला. त्यामुळे मी अक्षर वाचत नाही, माणूस वाचते. हा कुलकर्णी, म्हणजे गावचं दप्तर लिहिणारा, 'म' आणि 'भ' सारखाच काढतो का, हा घाईत असला की कान्याचं काय करतो, हे कळायला एकेका हाताची वीसेक पानं जातात आणि त्यानंतर मग गाडी पळायला लागते.

जन्ममृत्यूच्या रजिस्टरात, म्हणजे आज ज्याला गाव नमुना १४ म्हणतात त्यात, जातीचा एक बारीक रकाना असतो. तिथं पुरा शब्द क्वचित. 'कु' लिहून सोडलेलं असतं. आता अनुस्वार गळाला की कुंभार आणि कुणबी यांचं पहिलं अक्षर एकच ना. म्हणून मी आधी अख्ख्या रजिस्टरात कुंभार शोधते. ज्या रजिस्टराबद्दल सांगणारे त्यात कुंभार चार ठिकाणी पुरा 'कुंभार' असा लिहिलेला होता, तेव्हा त्या हाताचं 'कु' म्हणजे कुणबी हे मी छातीठोक सांगू शकत होते. हे कोणी शिकवत नाही. दहा दिवसांचा वर्ग करून सर्टिफिकेट लावून आलेले काहीजण शेजारच्या टेबलावर होते, त्यातल्या एकाने 'सखू कोम विठू' याचं लिप्यंतर करताना कोम म्हणजे जात समजून 'जात विठू' असं लिहिलं होतं. कोम म्हणजे अमक्याची बायको. आणि वलद म्हणजे अमक्याचा मुलगा, ते त्याने आडनाव म्हणून घेतलं होतं, त्या हिशोबाने अर्ध्या गावाचं आडनाव वलद. वर सही, शिक्का.

दुसरा वैताग म्हणजे सेलोटेप. कधीतरी कोणीतरी भल्या मनाने फाटक्या पानांना सेलोटेप लावून ठेवलाय, तो आता पिवळा होऊन सुटतो आणि सुटताना शाई बरोबर घेऊन जातो. आणि स्कॅनिंगवाले. ठेका घेतला, पोरं बसवली, पोरांनी पानाची वरची दोन बोटं फ्रेमबाहेर ठेवून फटाफट फोटो मारले. त्या वरच्या दोन बोटांत काय असतं ते पुढे येईलच.

अजून एक. समोर बसलेला प्रत्येक माणूस पहिल्या पाच मिनिटांत विचारतो, ताई, आडनाव काय तुमचं? मी नुसतं पहिलं नाव सांगते. मग गाव कुठलं. मग माहेर कुठलं. त्यांना बघायचं असतं की ही आपल्या बाजूने वाचणार का विरुद्ध. पुढेपुढे मला राग येईनासा झाला, कारण पाच पावलांवर बसलेला अव्वल कारकूनही हेच शोधत होता.

तर तो दिवस. डिसेंबरातला, रेकॉर्ड रूममध्ये स्वेटर घालून बसावं लागत होतं. एक आजोबा आणि त्यांचा नातू आला. आजोबा पंचाहत्तरीला टेकलेले, गळ्यात माळ, पोरगा वीस-एकवीसचा, पोलीस भरतीची तयारी करणारा, बुटांवरूनच कळलं. फाइल व्यवस्थित लावलेली. आजोबांचा १९५५चा शाळेचा उतारा, 'हिंदू मराठा'. आजोबांचे वडील गणू, शाळेत कधी गेलेच नाहीत, त्यांचा जन्म १९१०च्या आसपासचा, पण त्या गावचं १९१५च्या आधीचं जन्माचं रजिस्टर वाळवीने खाल्लंय, कव्हर उघडलं की भुसा पडतो. दुसरा धागा एकच होता. आजोबा म्हणाले, "आमचा बाप आठ वर्साचा असताना घरातली तीन मान्सं एका आठवड्यात गेली. मानमोडीत."

मानमोडी म्हणजे १९१८चा इन्फ्लुएन्झा. नातवाला वाटलं मोडीचाच काहीतरी प्रकार आहे, तो माझ्याकडे बघून म्हणाला, "म्हणजे तुमचीच लिपी ना?" आजोबा हसले. मीही हसले.

साथ जूनमध्ये मुंबईला आली, पण गावं खरी रिकामी झाली ती सप्टेंबर ते नोव्हेंबरात. त्या साली पाऊसही गेलेला. हिंदुस्थानात कोटीच्या वर माणसं गेली. हे आकडे वाचून काही होत नाही हो, रजिस्टर बघावं. एरवी ह्या गावाचं मृत्यूचं पान भरायला दोन-अडीच महिने लागायचे. ऑक्टोबर १९१८ मध्ये आठवड्याला पान उलटलंय. आधी अक्षर ठसठशीत, नाव, वलद, जात, वय, रोग, सगळं शिस्तीत. मग ९ तारखेच्या पुढे शाई पातळ होते, ओळी तिरप्या व्हायला लागतात, आणि रोगाच्या रकान्यात एकदा 'ताप' लिहून खाली नुसत्या दोन बारीक उभ्या रेघा. ताप, रेघा, रेघा, रेघा. एरवी हा माणूस 'सदर' तरी लिहायचा. आता तेवढंही नाही.

तिसऱ्या पानावर मला म्हादू सापडला. म्हादू वलद राणू, उमर ४०. त्याच्या खाली चार नावं सोडून खंडू वलद म्हादू, उमर १९. आणि पुढच्या पानावर, वरून दुसरी, ठकी कोम म्हादू, उमर ३६. बाप, मुलगा, आई. सहा दिवसांत तिघं. आडनाव नाही, त्या काळी रजिस्टरात नसायचंच, पण आजोबांनी येण्याआधीच सांगितलं होतं की पणजा राणू, त्याचा म्हादू, त्याचा थोरला खंडू, शेताच्या जुन्या कागदावर राणूचं नाव होतं ते त्यांनी झेरॉक्स करून आणलं होतं. घर जुळलं. नातवाने मूठ आवळली, मला दिसलं.

आता जात. तिघांच्याही पुढे त्याच दोन रेघा. म्हणजे वरीलप्रमाणे. मी बोट ठेवून वर वर गेले. म्हादूच्या पानावरही वरपासून खालपर्यंत रेघाच. मागचं पान, रेघा. स्कॅनमध्ये त्याच्या मागच्या पानाचा माथा कापलेला, म्हणून अस्सल रजिस्टर काढायला लावलं, खारव्याचा बस्ता सोडला, आणि ९ ऑक्टोबरच्या पहिल्या ओळीत, अगदी वरच्या दोन बोटांत, 'कु'. स्वच्छ. त्याच हाताचं.

मला खरंच आनंद झाला. हे लिहिताना लपवायला नको. असं जुळलं की अंगावर काटा येतो, गिऱ्हाइकाची जात काय असते याचा तेव्हा विचार नसतो. मी "आहे" म्हणाले सुद्धा. आजोबांनी हात जोडले, कोणाला ते कळलं नाही, रजिस्टराला बहुतेक.

आणि मग सवयीने मी 'कु' पासून परत खाली उतरायला लागले. नोंद काढली की मागची-पुढची पानं वाचायचीच, ही माझी शिस्त. सहाव्या ओळीला सिदनाक. पुढे रायनाक वलद सिदनाक. आता 'नाक' ज्या नावाच्या शेवटी आहे ते नाव कुठल्या आळीतलं हे मोडी वाचणाऱ्या कोणालाही सांगायला लागत नाही, महारवाड्यातलं. ह्याच कुलकर्ण्याने सप्टेंबरपर्यंत अशा प्रत्येक नावापुढे 'महार' असं पुरं, न चुकता लिहिलेलं आहे. त्या बाबतीत त्याचा हात कधी थकलेला नव्हता. आणि इथे सिदनाकापुढे दोन रेघा. रायनाकापुढे दोन रेघा. वर 'कु'.

म्हणजे ती रेघ जातीची नाहीच. ती थकलेल्या माणसाची रेघ आहे. त्याने रोगाच्या रकान्यात रेघा ओढल्या तशाच जातीच्या रकान्यात ओढत गेला, मढी मोजता मोजता.

मी गप्प झाले आणि ते आजोबांच्या लक्षात आलं. नातवाच्या नाही, तो फोनवर कोणाला तरी "सापडलं सापडलं" सांगत होता.

लिप्यंतराच्या तक्त्यात मी जातीच्या रकान्यात लिहिलं: वरीलप्रमाणे अशी खूण, दि. ९ ऑक्टोबरच्या नोंदीत 'कु', त्यापुढे सर्व नोंदींना सरसकट हीच खूण, त्यात अन्य जातींची नावेही दिसतात. अव्वल कारकून खुर्चीवरूनच वाकून बघत होता. म्हणाला, "मॅडम, एवढा शेरा कशाला? कुणबी लिहा, नाहीतर निरंक लिहा. रकान्यात गोष्ट नका सांगू."

मी म्हटलं, अहो पण त्याच खुणेखाली रायनाक आहे, त्याचं काय?

"त्याचे कोणी अर्ज घेऊन आलेत का?"

माणूस वाईट नाही. त्याच्यासमोर तेव्हा ढिगाने अर्ज होते आणि वरून रोज संध्याकाळी आकडा मागत होते, आज किती नोंदी सापडल्या. आकड्यात 'खूण' बसत नाही. पण त्याचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. खुणेचा अर्थ आता काय, जो अर्ज करेल त्याच्यापुरता?

आजोबांना मी सगळं खरं सांगितलं, पान दाखवून. त्यांना वाईट वाटलं असेल पण ते चिडले नाहीत. नातू चिडला. त्याचं म्हणणं, ताई, आम्ही कुणबी नाही असं तर हा कागद म्हणत नाही ना? आमच्या भावकीतल्या थोरल्या पातीला मिळालाय दाखला, शेजारच्या गावच्या रजिस्टरात, आडनाव एक, देवक एक, कुलदैवत एक, सोयरीक पण एकमेकांच्याच ओळखीपाळखीत. पण त्या पातीशी रक्ताचं नातं कागदाने जोडता येत नाही, राणूच्या मागचा दुवा हरवलाय. मग आम्ही कोण?

ह्यावर मी काय बोलणार. त्याच रजिस्टरात पुढे गेलं की १९२०च्या दशकात तीच घरं 'कु'ची 'मराठा' होत जातात, माणसं तीच, रानं तीच, कुलकर्णी बदललेला. १९३१च्या शिरगणतीपर्यंत ही लाट सगळीकडे होती, कुणब्याने स्वतःला मराठा सांगायचं. 'कुणबी माजला मराठा झाला' ही म्हण काही उगाच पडलेली नाही, आणि ती म्हण करणारा कोण असेल हेही ओळखता येतं. शाहू महाराजांनी १९०२ साली करवीरात निम्म्या जागा मागासलेल्यांना ठेवल्या तेव्हा मराठे त्यात होते, म्हणजे तेव्हा नोकरीसाठी कुणबी शब्द लागत नव्हता. आता लागतो. आता लग्नाच्या बायोडाट्यावर शाण्णव कुळी आणि फाइलीत कुणबी असे दोन कागद मीच एका दिवसात एकाच घरासाठी टाइप करते, दुकान माझंच ना. लोक हसतात ह्याला. मला हसू येत नाही. ज्याने जो शब्द मागितला त्याला तो दाखवायचा, शंभर वर्षं हेच चाललंय.

आणि शब्द तरी कुठे जागेवर राहतो. पेशवाईच्या कागदात 'कुणबीण' आली की नव्या वाचकाला वाटतं कुणब्याची बायको. बऱ्याच वेळा ती विकत घेतलेली बटीक असते, किमतीसकट. हे मी एकदा चहाच्या टपरीवर बोलून बसले तर एकजण केवढा भडकला, आमच्या आयाबहिणींना काय म्हणता म्हणून. कागद माझा नाही हो, मी नुसती वाचते, पण हे वाक्य मी आता मनातल्या मनात म्हणते.

आजोबा मात्र वेगळंच विचारत होते. म्हणाले, "ताई, ते आईचं नाव परत वाचा."

ठकी, म्हटलं. ठकी कोम म्हादू.

त्यांना आजीचं नाव माहीत नव्हतं. बाप आठ वर्षांचा, तो आईला आईच म्हणायचा, नाव कशाला घेईल. नंतर आजोळी वाढला, तिकडे सगळे तिला काहीतरी लाडाच्या नावाने म्हणत असतील. वंशावळीचं शपथपत्र मीच दुकानात टाइप केलेलं, राणू, राणूचा म्हादू, म्हादूचा गणू, पुरुषाखाली पुरुष, त्यात बाईला जागाच नाही. पंचाहत्तरीला टेकलेला माणूस तो, त्याने बोट कागदाच्या वर धरून, टेकू न देता, त्या ओळीवरून उजवीकडे डावीकडे फिरवलं. म्हणाले, "ह्यात 'ठ' कुठला?" मी दाखवला. "हा तर नुसता गोल आहे." हो, म्हटलं, नुसता गोलच. मग म्हणाले, अख्खं पान वाचा. नातू म्हणाला आबा उशीर होतोय. मी वाचलं. एकेका नावाला ते "हां, वरच्या आळीचे", "ते सुताराचं घर, आता पडलंय" असं म्हणत राहिले. सिदनाकाच्या नावाला काही बोलले नाहीत, नुसती मान हलवली. जाताना म्हणाले, "कुणबी म्हणवून घ्यायची मला लाज नाय, तुकोबांनी देवाचे आभार मानलेत कुणबी केलंस म्हणून. पण ह्या पोराला मार्क कमी पडत्यात."

दीड महिन्याने तोच नातू दुकानात आला, दुसरं काहीतरी झेरॉक्स करायला. फाइलीत वरच तोच तक्ता, दुसऱ्या वाचकाच्या सहीचा. म्हादू वलद राणू, जात: कुणबी. खंडू वलद म्हादू, जात: कुणबी. ठकी नव्हतीच, तिची नोंद त्याने काढली नव्हती, लागतच नाही. पोरगा थोडा ओशाळला, म्हणाला, ताई, तुमच्यावर राग नाही हां. मी म्हटलं, अरे नाही रे. खरं म्हणजे मला राग आलाही आणि बरंही वाटलं, आणि त्या दुसऱ्या वाचकाचं चुकलंय असं तरी मी कुठल्या तोंडाने सांगू, म्हादू कुणबी असण्याचीच शक्यता जास्त, गावातल्या त्या आळीची उरलेली सगळी घरं आधीच्या पानांवर 'कु' आहेत. मी लिहिलं ते कागदाला धरून होतं. त्याने लिहिलं ते बहुतेक खरं होतं. पण मग कोणी उद्या सिदनाकाच्या नातवाचा नातू बनून आला आणि म्हणाला आमच्यापुढेही तीच रेघ आहे, तर त्याला काय सांगायचं?

मागच्या आठवड्यात दुसऱ्याच कोणाच्या तरी कामासाठी तो बस्ता पुन्हा सोडला. मी त्या रेघा कुठे संपतात ते तेव्हा बघितलंच नव्हतं, वरच वर चढले होते. या वेळी खाली गेले. १५ नोव्हेंबरला मध्येच अक्षर बदलतं. नवा हात, पोरसवदा, बोरू धड टोकलेला नाही. त्याने लिहिलेली पहिली नोंद एका पंतांची आहे, उमर ५२, आणि नावापुढे 'कुलकर्णी, मौजे मजकूर', म्हणजे ह्याच गावचा. रोगाच्या रकान्यात दोन रेघा. जातीच्या रकान्यात दोन रेघा.

पुढचा पुरा लिहिलेला शब्द २७ नोव्हेंबरला येतो. 'मराठा'. मी मोबाइलवर त्या पानाचा फोटो काढला, माथ्यासकट, आणि कारकुनाला दाखवायला उठले होते, पण त्याच्या टेबलापाशी रांग होती.